फ्रीडॉस : लोकाश्रयावर तगलेली एक संगणकप्रणाली

संगणक कितीही कुशल असला, तरी यंत्र व मनुष्य यांच्यामध्यें दुभाष्याचें काम करणारी प्रणाली त्यांत नसेल, तर तो निरुपयोगी होय. या प्रणालीस ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. विंडोजसारख्या प्रणाली कंपन्यांच्या मालकीच्या असतात. मालकाची मर्जी फिरली कीं त्यांचा काळ संपतो. उलट, कांहीं प्रणालींची मूळ आज्ञावली सर्वांस खुली असते. अशा एका अल्पपरिचित प्रणालीचा वृत्तांत विद्यार्थ्यांस बोधप्रद वाटेल.

इ. स. १९९४ सालीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानांत, रिव्हर फॉल्स येथील विद्यापीठांत, जिम हॉल नांवाचा विद्यार्थी पदार्थविज्ञान शिकत होता. त्याचें नित्याचें काम मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या डॉस प्रणालीवर चाले. विंडोजच्या पुढील आवृत्तीबरोबर डॉसचे दिवस भरणार, असें कानीं आलें. आपला अभ्यास ज्या साधनावर उभा, तें परक्याच्या निर्णयानें नाहींसें व्हावें, हें त्यास रुचेना. २९ जून १९९४ रोजीं त्यानें जाहीर आवाहन केलें कीं, डॉसची मुक्त आवृत्ति आपण सर्व मिळून रचूं या. नुसतें बोलून न थांबतां स्वतः लिहिलेल्या लहान आज्ञावली त्यानें सर्वांपुढें ठेविल्या. पुढें पॅट व्हिलानी यांनीं प्रणालीचा गाभा दिला. इतरांनीं आपापली भर घातली. तरीही आवृत्ति १.० निघण्यास २००६ साल उजाडलें. बारा वर्षांची ही तपश्चर्याच म्हणावयाची!

ती टिकली कशानें? पहिलें कारण तिचा परवाना. गाभ्याची आज्ञावली कोणींही वाचावी, सुधारावी व तितक्याच मोकळेपणानें दुसऱ्यास द्यावी, असा तो आहे. म्हणून २०११ सालीं व्हिलानी निवर्तले, तरी काम थांबलें नाहीं. २०१६, २०२२ व २०२५ या सालीं नव्या आवृत्त्या निघाल्या. दुसरें कारण मर्यादेचें भान. फ्रीडॉसनें विंडोज होण्याचा हव्यास धरला नाहीं. एका वेळीं एकच काम करणारी ती साधी डॉसच राहिली; त्यामुळेंच जुने हिशेब, जुने खेळ व कारखान्यांतील जुनीं यंत्रें तिच्यावर चालूं शकतात. तिसरें कारण नवख्यांचें स्वागत. आज्ञावली लिहितां न येणाऱ्यासही तेथें काम आहे : चांचणी घेणें, दोष कळविणें, मार्गदर्शिका लिहिणें, भाषांतर करणें.

आपल्याकडेही फ्रीडॉस घातलेले लॅपटॉप विकले गेले आहेत. पण पुष्कळ ग्राहक घरीं येतांच ती पुसून टाकतात. अशा प्रणालीचा प्रसार जाहिरातीनें होत नाहीं. एकानें वापरावी, समजून घ्यावी व दुसऱ्यास शिकवावी, एवढाच मार्ग.

विद्यार्थिमित्रहो, फुकट मिळणारी वस्तु फुकट टिकत नाहीं. कोणी तरी आपली सायंकाळ तिच्यासाठीं वेंचीत असतो. ज्या साधनाचा आपण लाभ घेतों, त्याचा एखादा दोष नीट लिहून कळविणें, अथवा मार्गदर्शिकेचें एक पान मराठींत उतरविणें, हें आपल्याही आवांक्यांतील आहे. तेवढें ऋण फेडावयास काय हरकत आहे?