परिषदेचा गोषवारा

आपल्या संस्थेच्या वार्षिक अहवालात शेवटची दोन पाने जमाखर्चाच्या गोषवाऱ्याची असतात. सभासद मंडळी अहवालातील भाषणे वाचोत वा न वाचोत, ती दोन पाने मात्र बोट ठेवून वाचतात. गोषवारा हा शब्दच मुळी दप्तरातला. कीर्दीतील शेकडो कलमांचे सार एका पानावर आणावयाचे आणि खतावणीत नाही अशी एक पैही त्यात येऊ द्यावयाची नाही, असा त्याचा दंडक आहे. वैज्ञानिक परिषदेस निबंध वाचण्यापूर्वी जो ‘ॲबस्ट्रॅक्ट’ धाडावा लागतो, तो हाच गोषवारा होय. आणि दंडकही तोच.

या विषयावर लिहिण्याचे कारण घरगुती आहे. आपल्या कुटुंबांतील मुलेमुली आता एम.एस्सी., पीएच.डी. करीत आहेत. मुलगी म्हणते, “बाबा, माझा ॲबस्ट्रॅक्ट पाठवायचा आहे,” आणि बाबांना त्यातले अक्षर कळत नाही. पुढे तीच मुलगी प्रवासखर्च मागते, तेव्हा तर घरात प्रश्नच उभा राहतो. आम्ही काही वर्षे प्रयोगशाळेत काढली आहेत, म्हणून चार गोष्टी सांगण्याचे धाडस करतो.

हा एवढासा कागद, त्याचे एवढे काय, असे वाटेल. इंडियन सायन्स काँग्रेसचे पहिले अधिवेशन १९१४ साली कलकत्त्यास भरले. आमच्या बडोद्यास ते १९४२ व १९५५ असे दोनदा भरले. त्या काळच्या कार्यवृत्ताचा तिसरा भाग केवळ निबंधांच्या गोषवाऱ्यांचा असे. त्या वेळी कोणी काय काम केले हे आज शोधू गेल्यास पुष्कळदा हाती लागतात ते तेवढेच दहा-वीस ओळींचे मजकूर. आजही स्थिती फारशी निराळी नाही. वैद्यक व तत्सम विषयांतील परिषदांचे तीन लाखांहून अधिक गोषवारे तपासून २०१८ साली असे दिसून आले की, शंभरांतील सुमारे ३७ कामेच पुढे पूर्ण निबंधरूपाने छापली गेली. बाकीच्यांचे जे काय उरले, ते गोषवाऱ्यातच.

आता मोह कोठे होतो ते पाहा. परिषद डिसेंबरात असली तर गोषवारा जुलै-ऑगस्टातच मागतात. काम तर अर्धेच झालेले असते. मग “निष्कर्षांची चर्चा परिषदेत करण्यात येईल” असे एक गुळगुळीत वाक्य शेवटी लिहून विद्यार्थी मोकळा होतो. आम्हीही एकदा असेच मोकळे झालो होतो. पुढे उपकरण बिघडले, दुरुस्तीस अडीच महिने लागले, आणि परिषदेत आम्ही आमच्या पोस्टरपाशी उभे होतो ते प्रयोगाच्या आकृत्या घेऊन. आकडा एकही नाही. एक वृद्ध प्राध्यापक आले, त्यांनी सगळे शांतपणे वाचले आणि “मग काय आढळले?” एवढेच विचारले. तो प्रश्न आम्ही अद्याप विसरलो नाही.

उदाहरण घेऊ. आकडे केवळ नमुन्याचे आहेत. समजा, एका विद्यार्थिनीने आपल्या तालुक्यातील विहिरींच्या पाण्यात नायट्रेट किती आहे ते तपासले. पहिला मसुदा बहुधा असा उतरतो: “पाणी हे जीवन आहे. जलप्रदूषणाचा प्रश्न आज जगभर उग्र झाला आहे. प्रस्तुत अभ्यासात विविध विहिरींचे नमुने तपासण्यात आले. निष्कर्ष लक्षणीय असून त्यांची चर्चा करण्यात येईल.” यात खोटे काही नाही, पण खरेही काही नाही. विविध म्हणजे किती? लक्षणीय म्हणजे काय? पाणी हे जीवन आहे हे परीक्षकास ठाऊक आहे.

तोच मजकूर असा लिहिता येईल: “पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट भारतीय मानकास मान्य आहे. पावसाळ्यानंतर हे प्रमाण वाढते काय, हे पाहण्यासाठी एका तालुक्यातील ४० उघड्या विहिरींचे पाणी मे व ऑक्टोबर महिन्यांत तपासले. मे महिन्यात ११ विहिरींत नायट्रेट मर्यादेबाहेर होते, ऑक्टोबरात त्या ११ धरून १९ विहिरींत. नव्याने मर्यादा ओलांडणाऱ्या ८ विहिरींपैकी ७ खत घातलेल्या शेतापासून ५० मीटरच्या आत आहेत. नमुने एकाच वर्षाचे असल्याने दरवर्षी असेच घडते असे म्हणता येत नाही.”

शेवटचे वाक्य मुले गाळू पाहतात. त्याने काम हलके दिसेल अशी भीती त्यांना वाटते. आमचा अनुभव उलट आहे. आणि ऑक्टोबरचे नमुने व्हावयाचे असतील, तर ‘मे महिन्याचे काम पुरे, ऑक्टोबरचे चालू’ असे सरळ लिहावे. प्राथमिक निष्कर्ष स्वीकारणाऱ्या परिषदा पुष्कळ आहेत. न झालेले काम झाले म्हणून लिहिणे कोणासच चालत नाही. हा मजकूर बहुधा इंग्रजीत जातो, तथापि आधी मराठीत लिहून घरी वाचून दाखवावा. काय केले आणि काय आढळले, हे आईला कळले नाही तर दोष बहुतेक लिहिण्यात असतो.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत, पण त्यांवरच गाडी अडते. शब्दमर्यादा, बहुधा २५० ते ३००, काटेकोर पाळावी. कित्येक ठिकाणी संगणक जादा शब्द घेतच नाही. सहलेखकांची नावे त्यांची संमती घेऊनच घालावी, आणि मार्गदर्शकांस मसुदा आदल्या रात्री नव्हे, आठवडाभर आधी दाखवावा. कोठे परीक्षकांपासून नावे लपवावयाची असतात. तेथे मजकुरात “आमच्या महाविद्यालयात” असेही येऊ देऊ नये. मुदत कोणत्या देशाच्या घड्याळाने मोजली आहे तेही पाहावे.

पालकांनी जपावयाचे ते निराळेच आहे. “आपल्या थोर कार्याने आम्ही प्रभावित झालो आहोत” अशी निमंत्रणे हल्ली विद्यार्थ्यांना संगणकावरून येतात, गोषवारा दोन दिवसांत मंजूर होतो, आणि मागोमाग शुल्काची मागणी येते. २०१९ साली हैदराबादच्या एका कंपनीस अशा व्यवहारांबद्दल अमेरिकेतील न्यायालयाने पाच कोटी डॉलरांहून अधिक रक्कम भरण्याचा हुकूम केला. नामांकित शास्त्रज्ञ येणार अशी जाहिरात त्यांच्या संमतीवाचूनच केली जाई. तेव्हा शुल्क भरण्याआधी, त्या परिषदेस पूर्वी कोण गेले होते, हे मार्गदर्शकांस विचारावे.

आणि नकार आला तर? ऑस्ट्रेलियात पर्थ येथे बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनी १९८२ साली १०० रोग्यांच्या जठरातील तुकडे तपासले; जठरदाह व व्रण असलेल्यांत त्यांना एक वाकडा जंतू आढळला. मार्शल यांनी तेथल्या पोटविकारतज्ज्ञांच्या १९८३ च्या सभेसाठी गोषवारा पाठविला. ६७ गोषवारे आले होते, ५६ घेतले गेले; यांचा नाकारलेल्या अकरांत होता. त्याच वर्षी सप्टेंबरात ब्रुसेल्स येथे जंतुशास्त्रज्ञांची परिषद भरली, तेथे ते काम ऐकले गेले. २००५ साली त्याच शोधाबद्दल दोघांस नोबेल पारितोषिक मिळाले. पोटविकारतज्ज्ञांस जे पटले नाही, ते जंतुशास्त्रज्ञांस पटले. म्हणून नकार आल्यावर मजकुराबरोबरच परिषद आपल्या विषयाची होती काय, हेही पाहावे, आणि मग दुसरीकडे पाठवावा. मात्र एकच गोषवारा एकाच वेळी दोन ठिकाणी धाडू नये. पहिल्याचे उत्तर येईपर्यंत थांबावे.