राखणदार लाकडाचा की रेझिनचा?

श्रीवर्धनच्या मुलांना लाकूड कसे कुजते हे शिकवावे लागत नाही. मे महिन्यात अंगणात विसरलेला आंब्याच्या लाकडाचा पाट दसऱ्याला उचलून पाहा. खालची बाजू काळी पडलेली, कडा भुसभुशीत झालेल्या आणि एखाद्या कोपऱ्यात वाळवीने मातीचे घर बांधलेले! पण त्याच गावात जुन्या घरांचे सागवानी खांब तीन-तीन पिढ्या उभे असतात. पाऊस तोच, खारा वारा तोच. मग एक लाकूड चार महिन्यांत हार खाते आणि दुसरे आजोबांच्या आजोबांना पुरून उरते, हे कसे?

हा प्रश्न मनात येण्याचे कारण वेगळेच आहे. पॅसिफिक महासागरातील मार्केसस, हवाई, न्यूझीलंड या बेटांवर मोठ्या डोळ्यांच्या, रुंद तोंडाच्या उभ्या आकृती कोरण्याची जुनी परंपरा आहे. त्यांतील अनेकांना ‘टिकी’ म्हणतात. तेथील लोकांच्या दृष्टीने ती पूर्वजांची आणि देवांची रूपे. 1930 नंतर अमेरिकेतील उपाहारगृहांनी ती शोभेसाठी उचलली, आणि आता साच्यात ओतलेल्या रेझिनच्या टिकी बागेत ठेवण्यासाठी विकत मिळतात. हवाई बेटांवर अशा मूर्ती नीरफणसाच्या लाकडातही कोरीत. नीरफणस म्हणजे आपल्या फणसाचा सख्खा भाऊच!

आपण त्यांच्या देवांची नक्कल करायला नको. पण समजा, तुमच्या वाडीच्या फाटकाशी दर्याकडे तोंड केलेला एक राखणदार उभा करायचा आहे. उंची दीड मीटर, जाडी 40 सेंटिमीटर. तो लाकडात कोरावा की रेझिनमध्ये ओतावा?

आधी लाकडाकडे पाहू. वाळलेले लाकूडही पूर्ण कोरडे नसते. भोवतालच्या हवेतला ओलावा ते घेते आणि परत देते. हवेची सापेक्ष आर्द्रता 65 टक्के असेल, तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे 12 टक्के पाणी राहते. पावसाळ्यात आर्द्रता 90 टक्क्यांच्या आसपास गेली की हे प्रमाण 20 टक्क्यांपर्यंत चढते. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला मात्र जोमाने वाढण्यासाठी 28-30 टक्के ओलावा लागतो. म्हणजे नुसत्या दमट हवेने लाकूड कुजत नाही! त्यासाठी खरोखरचे पाणी त्यात मुरावे लागते. ते मुरते कोठून? मातीत पुरलेल्या बुंध्यातून, पाणी साचणाऱ्या खाचेतून, आणि सर्वांत जास्त लाकडाच्या आडव्या कापलेल्या टोकांतून. झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या तेथे उघड्या पडलेल्या असतात, त्यामुळे बाजूंपेक्षा टोके कितीतरी वेगाने पाणी पितात. तुमच्या राखणदाराचे डोके आणि पाय ही नेमकी अशी दोन टोके आहेत.

याचा पुरावा पाहायचा असेल, तर लोणावळ्याजवळच्या कार्ल्याला जा. तेथील चैत्यगृहाच्या छताला लाकडी कमानी आहेत आणि स्तूपावर लाकडी छत्र आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे हे लाकूड अजून जागेवर आहे. सह्याद्रीचा पाऊस त्या डोंगरावरही कोसळतो. पण तो कमानींना शिवत नाही, आणि जमीनही त्यांच्यापासून दूर आहे. लाकूड तेच असते. ते उभे कोठे आहे यावर त्याचे आयुष्य ठरते.

लाकडाची जात अर्थात महत्त्वाची आहेच. खोडाचा आतला गडद भाग टिकाऊ असतो, कारण झाड त्यात बुरशीला आणि किड्यांना न मानवणारी द्रव्ये साठवते. बाहेरचा फिकट भाग साग असला तरी लवकर जातो. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या बागा आडव्या केल्या, तेव्हा पडलेल्या झाडांचे करायचे काय, हा प्रश्न घरोघरी होता. मूर्तीसाठी त्यांतले कोणते चालले असते? फणसाचा पिवळा गाभा उत्तम. आंबा उघड्यावर नको. नारळ आणि पोफळ यांना तर गाभाच नसतो. उलट त्यांच्या खोडाची बाहेरची बाजू कठीण आणि आतली मऊ असते. कोरता कोरता छिन्नी आत गेली की भुसा हाती येतो.

अख्ख्या ओंडक्याची आणखी एक खोड आहे. वाळताना लाकूड सगळीकडून सारखे आकसत नाही. वर्तुळाकार वलयांच्या दिशेने ते जवळजवळ दुप्पट आकसते, आणि केंद्रापासून परिघाकडे निम्मेच. मग ताण सहन न होऊन ओंडका बाहेरून आत तडकतो. ही तडक बहुधा नेमकी नाकावरून जाते! उपाय सोपा आहे. मूर्तीच्या पाठीकडून ओंडका पोकळ करून घ्यावा. आकसायला जागा मिळाली की तडा सहसा जात नाही.

आता रेझिन. ‘राळ’ हा शब्द तुम्हाला ठाऊक आहे. झाडातून पाझरणारा, जळताना धूर देणारा तो चिकट पदार्थ. त्याचेच इंग्रजी नाव या कृत्रिम द्रव्यांना मिळाले. मूर्तींसाठी व होड्यांसाठी बहुतेक वेळा पॉलिएस्टर रेझिन वापरतात. मधासारख्या या द्रवात थोडेसे उत्प्रेरक मिसळले की त्याचे लांबलचक रेणू एकमेकांना आडवे जोडले जाऊन जाळे तयार होते. मिश्रण तापते आणि घट्ट होते. ते पुन्हा कधीच वितळत नाही. काचेच्या तंतूंची चादर त्यात भिजवली तर जे मिळते त्याला आपण ‘फायबर’ म्हणतो; कोकण किनाऱ्यावर लाकडी होड्यांशेजारी आता याच होड्या दिसतात. स्वस्त मूर्तींत मात्र तंतू नसतात, दगडाची भुकटी मिसळलेली असते. अशी मूर्ती दिसते छान, पण पडली की मडक्यासारखी फुटते.

बुरशी आणि वाळवी रेझिनला खात नाहीत. पावसाचीही त्याला फारशी भीती नाही. त्याचा शत्रू ऊन. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण त्या जाळ्याचे दुवे तोडतात. आधी चमक जाते, मग पिवळेपणा येतो आणि शेवटी बोट फिरवले की खडूसारखी पूड लागते. लाकडालाही ऊन राखाडी करतेच. पण तेथे नुकसान वरच्या पातळ थरापुरते असते. मऊ लाकूडसुद्धा ऊनपावसाने शंभर वर्षांत सुमारे 6 मिलिमीटरच झिजते. रेझिनच्या मूर्तीला म्हणूनच रंगाचे कवच लागते, आणि तो रंग दर काही वर्षांनी नव्याने द्यावा लागतो. गडद रंग तर नकोच. काळा पृष्ठभाग एप्रिलच्या उन्हात 60 अंशांच्या वर तापतो, आणि साधे पॉलिएस्टर त्याच सुमारास आपला ताठपणा गमावू लागते.

आणि वारा? येथे थोडे गणित करू. निसर्ग वादळ किनाऱ्यावर आले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी 110 किलोमीटरच्या आसपास होता, म्हणजे सेकंदाला सुमारे 30.5 मीटर. हवेची घनता घनमीटरला 1.2 किलोग्रॅम धरून ती वेगाच्या वर्गाने गुणा आणि निम्मे करा. दर चौरस मीटरला सुमारे 560 न्यूटन दाब मिळतो. आपल्या राखणदाराची वाऱ्याला आडवी येणारी बाजू 1.5 गुणिले 0.4, म्हणजे 0.6 चौरस मीटर. बळ झाले सुमारे 335 न्यूटन, म्हणजे 34 किलो वजनाइतके. ते मध्यावर, पाऊण मीटर उंचीवर लोटते. मूर्तीचे वजन तिला सावरते, पण त्याची तरफ फक्त 20 सेंटिमीटरची. उभे राहायचे असेल तर वजन 34 × 0.75 ÷ 0.2, म्हणजे जवळजवळ 128 किलो हवे.

रेझिनची 5 मिलिमीटर जाडीची पोकळ मूर्ती भरते अवघी 16 किलो. आणि भरीव सागवानी मूर्ती? तीसुद्धा 122 किलोच! पाठ पोकळ केली तर आणखी कमी. तेव्हा दोघांनाही चौथऱ्याशी बांधायला हवे, तेही न गंजणाऱ्या पोलादी बोल्टने. साध्या लोखंडाचा बोल्ट खाऱ्या हवेत फुगतो, लाकूड फाडतो आणि भोवती काळा डाग सोडतो. रेझिनच्या पोटात धुतलेली कोरडी वाळू भरली तर पाव टनाहून अधिक वजन होते, हा तिचा एक फायदा.

मला विचाराल तर मी फणस घेईन. पाठ पोकळ, पाय दगडी चौथऱ्यावर आणि मातीपासून वीतभर उंच, खालून वारा खेळेल अशी फट ठेवून. डोक्यावर छोटीशी कौलारू छपरी. काजूच्या टरफलांचे तेल होडीला लावतात तसे लावता येईल, पण ते अंगावर पडले तर कातडी सोलते, म्हणून ते काम मोठ्यांवर सोडा. छपरी शक्यच नसेल, किंवा एकाच साच्याच्या दहा मूर्ती हव्या असतील, तर मात्र रेझिनला पर्याय नाही. फक्त एवढे लक्षात ठेवा की फुटलेला रेझिनचा तुकडा वितळवून पुन्हा वापरता येत नाही. तो पुळणीवर पडला तर तुमच्या नातवंडांच्या पायाला लागेल.

माझे ऐकण्यापेक्षा स्वतः पाहा. एकाच फळीचे, फणसाच्या किंवा आंब्याच्या, सारखे तीन ठोकळे सुताराकडून कापून घ्या. शाळेच्या प्रयोगशाळेत गुरुजींच्या देखरेखीखाली 100 अंशांवर, वजन स्थिर होईपर्यंत वाळवा आणि हे कोरडे वजन वहीत लिहा. पावसाळा सुरू होताच एक ठोकळा अर्धा मातीत पुरा, दुसरा उघड्यावर दगडावर ठेवा, तिसरा पडवीच्या आढ्याला टांगा. दर रविवारी पुसून तिन्ही वजन करा. वाढलेल्या वजनाला कोरड्या वजनाने भागून शंभराने गुणा. 100 ग्रॅमचा ठोकळा 118 ग्रॅम भरला, तर ओलावा 18 टक्के. होडी दुरुस्त करणाऱ्यांकडून फायबरचा एक टाकाऊ तुकडाही आणा. त्याचा अर्धा भाग पत्र्याने झाका आणि पुढच्या मेपर्यंत गच्चीवर ठेवा. कोणता ठोकळा कोणत्या आठवड्यात 30 टक्क्यांच्या पुढे गेला त्याचा आलेख काढा, आणि बुरशीचा पहिला पांढरा धागा दिसला त्या तारखेवर खूण करायला विसरू नका.