हात बांध, पाय मोकळे ठेव

मनू, काल फोनवर रडवेली होऊन सांगत होतीस, "ताई, कुशीत गाढ झोपते, पण खाली ठेवली की दोन्ही हात उडवून दचकते आणि मग काही केल्या ऐकत नाही." अगं, नजरबिजर काही लागलेली नाही. खाली ठेवताना डोकं जरा मागे गेलं किंवा रस्त्यावरून एखादा ट्रेलर खडखडत गेला, की नव्या बाळाचे हात आपोआप फाकतात. अर्न्स्ट मोरो नावाच्या बालरोगतज्ज्ञाने १९१८ साली या दचकण्याची नोंद केली, अजून त्याला त्याचंच नाव आहे. दवाखान्यात डॉक्टर मुद्दाम असं दचकवून बघतात, कारण बाळ दचकलं म्हणजे ठीक आहे. तीन-चार महिन्यांत ते ओसरायला लागतं. तोवर हात अंगाशी राहिले तर पोर स्वतःच्याच हातांनी जागी होत नाही. दुपट्यात गुंडाळायचं ते एवढ्यासाठी.

ऑनलाइन मिळतात ती चेनवाली, वेल्क्रोवाली प्रकरणं घेऊ नकोस. वजन भरलेली तर मुळीच नको, छातीवर ओझं येतं. आईची जुनी सुती साडी फाड, साधारण मीटरभर चौकोन काढ आणि कडा शिवून घे. सुटा दोरा राहिला तर तो बाळाच्या बोटाला गुंडाळतो आणि बोट सुजेपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता नीट ऐक. फडकं असं पसर की एक टोक वर येईल. ते वरचं टोक वीतभर आत दुमड. त्या घडीवर तिचे खांदे आले पाहिजेत. मान आणि डोकं बाहेर. एक हात सरळ किंवा छातीशी, तिला आवडेल तसा ठेव. त्या बाजूचं टोक छातीवरून आण आणि पाठीखाली खोच. खालचं टोक पायांवरून सैल वर घे. मग दुसरा हात, आणि उरलेलं टोक वळसा घालून मागे. छाती आणि कापड यांच्यामध्ये तुझी दोन बोटं सहज गेली पाहिजेत. कापड हनुवटीला टेकता कामा नये. सैल पडून तोंडावर येत असेल तर सगळं सोड आणि पुन्हा बांध.

पायांचं मात्र सासूबाईंशी गोडीने बोलावं लागेल. "पाय ओढून सरळ बांधले की वाकडे होत नाहीत" असं त्या म्हणणार, त्यांच्या आईनेही तेच सांगितलेलं असणार. नव्या बाळाचे पाय मुळातच वाकलेले असतात, पोटात ती तशीच बसलेली होती. ते ताणून जखडले तर खुब्याचा सांधा खोबणीतून सरकू शकतो. जपानमध्ये बाळांचे पाय सरळ बांधायची रीत होती. १९७५ पासून तिथे ती सोडायची मोहीम चालली आणि खुबा निखळलेल्या बाळांचं प्रमाण खूप खाली आलं. गुडघे पोटाशी घेऊन बाजूला टाकता आले पाहिजेत, एवढी जागा खाली ठेव. आणि सासूबाईंना हेही सांग की आपण पोरं कडेवर घेतो, दोन्ही पाय फाकवून, ते खुब्याला चांगलंच असतं. आपलंही काही बरोबर आहे म्हटल्यावर माणूस जरा ऐकतो.

ऊब द्यायचा त्यांचा आग्रह मुळातून चुकीचा नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. बाळ गार पडू नये म्हणून ते गुंडाळणं, टोपडं घालणं, उबदार पिशवीत ठेवणं हे त्यातलंच. १९९९ मध्ये ते काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. तुझ्याकडे आशाताई येतात ना, त्या २०११ पासून देशभर सुरू झालेल्या त्याच धर्तीच्या योजनेतून. दवाखान्यात बाळंत झालीस म्हणून ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी त्या येतील. पण ती ऊब कमी वजनाच्या आणि थंडीतल्या बाळांची. तुझी तीन किलोची, आणि तू निघोज्यात पत्र्याच्या खोलीत, एप्रिलमध्ये! झबलं, त्यावर दुपटं, त्यावर ब्लँकेट, डोक्याला कुंची आणि वर कोंडलेल्या खोलीत धुरी असं केलंस तर पोर उकडून निघेल. अंगात लंगोट आणि वर एक पातळ फडकं, बास. झोपताना घरात टोपडं नको. शेगडी तर दार लावून पेटवूच नका.

हातपाय गार लागले म्हणून लगेच दुसरं दुपटं चढवू नकोस, पोटावर आणि मानेच्या मागे हात लाव. तिथे घामेजली असेल तर काढ. पोटही गार लागलं तर आधी तुझ्या उघड्या छातीशी घे. आणि उघडी ठेवूनही थर्मामीटर १००.४ किंवा जास्त दाखवत असेल तर घरचे उपाय नकोत. रात्र असली तरी रिक्षा करून दवाखाना गाठा.

आता खरी गोष्ट. पाहुणे थर्ड शिफ्ट करून सकाळी येतात, एकच खोली, बाळ रडलं की सगळे तुझ्याकडे बघतात. मग बायका हळूहळू जरा घट्ट, जरा जास्त वेळ बांधायला लागतात. आपल्या या पट्ट्यात, भोसरीपासून चाकणपर्यंत, मी हे बऱ्याच घरांत बघितलंय. गुंडाळलेलं बाळ गाढ झोपतं, सहजासहजी जागं होत नाही. आपल्याला ते बरं वाटतं, पण धोकाही तिथेच आहे. म्हणून झोपवायचं ते उताणंच. कुशीवर नाही, पालथं तर बिलकूल नाही. आणि तुमच्या दोघांच्या मध्ये, गोधडीखाली तर नाहीच. शिवाय हात बांधलेले असले की ती मूठ तोंडात घालत नाही, म्हणजे भूक लागल्याचं तुला कळत नाही. या वयात दिवसरात्र मिळून आठ-बारा वेळा पाजायचं असतं. पाजताना पूर्ण सोड. पाहुण्यांना कानात कापूस घालून झोपायला सांग, कंपनीत मशीनजवळ घालतातच की!

काही पोरींना बांधून घेणं आवडतच नाही. ती झगडत असेल तर हात बाहेर ठेव किंवा नादच सोड. दोन महिने झाले की बारीक लक्ष ठेव. एका कुशीवर वळायचा नुसता प्रयत्न जरी दिसला, तर त्याच दिवसापासून गुंडाळणं बंद. आणखी आठवडाभर, असं म्हणायचं नाही. आठवडाभर जागरण होईल, होऊ दे.

उद्या गुरुवार, दुपारी लाइट जाईल, पंखा बंद. तेव्हा गुंडाळूच नकोस, दार उघडं ठेवून नुसती लंगोटावर झोपव. मी चारच्या बसने येतेय, साड्या धुऊन ठेवल्यात. कात्री तेवढी काढून ठेव, तुझ्याकडची नेहमी सापडत नाही.