वास जातो, पेट्रोल राहतं

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीला विहीर आहे. तिचं पाणी संडासाला, गाड्या धुवायला, आणि नळ कोरडे असतील त्या दिवशी सगळ्यालाच. एका जुलैत या पाण्याला पेट्रोलचा वास येऊ लागला. दिवाळीपर्यंत तो गेला आणि लोक निर्धास्त झाले. पुढच्या पावसाळ्यात वास परत आला, आधीपेक्षा उग्र. शेजारच्या पंपाची जमिनीखालची जुनी टाकी गळत होती.

मधल्या काळात पेट्रोल जमिनीतच होतं. ते पाण्यापेक्षा हलकं, भूजलावर तरंगतं. आपल्या ठाणे-कल्याण पट्ट्यात वर भराव आणि मुरूम, खाली भेगाळलेला काळा पाषाण. उन्हाळ्यात भूजल उतरतं तसं पेट्रोलही उतरतं आणि वाटेतल्या मुरमाला, भेगांना चिकटून राहतं. पावसात पाणी चढलं की तेच पुन्हा विहिरीत झिरपतं. म्हणून मे महिन्यातला एक चांगला अहवाल दाखवून कोणी प्रकरण मिटवू पाहत असेल तर ऐकू नका. ऑगस्टचा नमुना मागा.

नेहमीच्या तपासणीत जडपणा आणि जिवाणू पाहतात. पेट्रोल त्यात सापडत नाही. बेंझीन, टोल्यूइन, झायलीन आणि एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन तपासा, असं प्रयोगशाळेला लिहून द्या. काचेची बाटली काठोकाठ भरा, आत हवेचा बुडबुडा नको, आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. बेंझीनने रक्ताचा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम ठरवली आहे, आणि एवढ्याशा प्रमाणात नाकाला काहीच कळत नाही. असं पाणी उकळूही नका; बेंझीन वाफेबरोबर स्वयंपाकघरात पसरतं.

विहिरीत माणूस उतरवू नका, गाळ काढायलासुद्धा नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचते. हवेत दीड टक्क्याच्या आसपास असली तरी ठिणगीने भडकते. मोटरही चालवू नका. उपसा वाढला की पेट्रोल आपल्याच दिशेने ओढलं जातं.

तक्रार लेखी हवी: पंपचालकाला, तेल कंपनीला, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कल्याण कार्यालयाला आणि टाकीचा परवाना देणाऱ्या 'पेसो'ला. टाकीची गळती-चाचणी आणि रोजच्या डिपची, म्हणजे टाकीतल्या साठ्याच्या मोजणीची, नोंदवही मागा. केंद्रीय मंडळाच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार नवा पंप निवासी भागापासून 50 मीटर दूर हवा, पण आपल्या शहरांतले कितीतरी पंप त्याआधीचे आहेत. तिथे शेजाऱ्यांनाच जागं राहावं लागतं.

सफाईचा क्रम बदलू देऊ नका. आधी टाकी रिकामी, मग निरीक्षण विहिरी खणून पेट्रोल कुठवर पसरलंय याचा शोध, मग तरंगणारा थर उपसणं. मुरमात अडकलेल्या पेट्रोलची वाफ व्हॅक्यूमने ओढून काढतात. डिझेल असेल तर जमिनीत हवा सोडून तेल खाणाऱ्या जिवाणूंना कामाला लावतात. याला वर्षं लागू शकतात. जेसीबीने चार ट्रक माती उचलून 'झालं' म्हणणाऱ्याला एकच विचारा, माती नेली कुठे? ती घातक कचऱ्यात मोडू शकते. तशी निघाली तर 2016 च्या नियमांप्रमाणे तिची जागा तळोज्यासारख्या अधिकृत केंद्रात आहे. मुंब्रा-दिव्याच्या खाडीत भराव म्हणून ती पडली, तर आपला त्रास तिथल्या लोकांच्या दारात जातो. पोचपावती पाहिल्याशिवाय कमिटीने कामाच्या कागदावर सही करू नये.