पाच वेळा ओरडून सांगितलेलं अक्षर

मध्यंतरी गृहपाठावरून आमच्या घरी रडारड झाली, आणि रडणारी एकटी लेकच होती असं नाही.

रात्री झोप येईना, म्हणून पुस्तक चाळत बसले तर एक ग्रीक आई भेटली. मेत्रोतिमे. हेरोडास या कवीने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात लिहिलेल्या एका छोट्या नाट्यप्रवेशातली. कोत्तालोस या आपल्या पोराला ती मास्तरांपुढे उभा करते आणि गाऱ्हाणं सुरू करते.

तेव्हा मुलं मेण लावलेल्या लाकडी पाटीवर टोकदार काडीने अक्षरं कोरत. ही बिचारी दर महिन्याला पाटीला मेण लावून देते, आणि पाटी पलंगाशी बेवारशासारखी पडलेली! पोराचं सगळं लक्ष हाडांच्या फाशांत. पहिलं अक्षर पाच वेळा ओरडून सांगावं तेव्हा कुठे कळतं. शाळेचं दार ठाऊक नाही, सुट्ट्या मात्र तोंडपाठ. कोणी बोललं की आजीकडे पळतो, नाहीतर छपरावर जाऊन बसतो. फुटलेली कौलं आईनेच भरून द्यायची. फीसुद्धा महिन्याच्या तिसाव्या दिवशी चुकत नाही.

वाचताना आधी हसले, मग गप्प झाले. फासे काढून मोबाइल ठेवला की हे आमचंच घर.

एके ठिकाणी ती स्वतःलाच मूर्ख म्हणते. याला शिकवलं तर म्हातारपणी आधार होईल, अशी आशा धरली म्हणून. म्हणजे रागाच्या तळाशी काळजीच होती. आपलंही तेच असतं ना? फक्त मुलांना आपली काळजी ऐकू येत नाही, चढलेला आवाज तेवढा ऐकू येतो.

मेत्रोतिमे मास्तरांना पोराला फोडून काढायला सांगते, आणि मार बसल्यावरही तिचं समाधान होत नाही. आपण हात उगारत नसू, पण ‘शेजारचा बघ’ हाही फटकाच.

गंमत म्हणजे ‘स्कूल’ हा शब्द ग्रीक ‘स्खोले’वरून आला, आणि त्याचा मूळ अर्थ फुरसत! मुलांना बळजबरीने नको, खेळता खेळता शिकवा, हे प्लेटोने ‘रिपब्लिक’मध्ये हेरोडासच्या शंभरेक वर्षं आधी लिहून ठेवलं होतं. ते मेत्रोतिमेच्याही घरी पोचलं नव्हतं. तेव्हा आपण स्वतःला फार दोष देऊ नये.

हल्ली मी एवढंच करते. ऑफिसातून आल्यावर पहिली दहा मिनिटं अभ्यासाचं काही विचारत नाही, नुसती शेजारी बसते. रोज जमत नाही. पण एकदा लेक आपणहून म्हणाली, “हातच्याची वजाबाकी मला कळतच नाही, आणि वर्गात विचारायची लाज वाटते.” इतके दिवस मी तिला आळशी म्हणत होते.

कोत्तालोस आजीकडेच का पळायचा, हे मेत्रोतिमे त्याला एकदाही विचारत नाही. आपण विचारून बघू या.