तारखेच्या आधी बंदूक

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात १ मे २०२७ पासून बंदूक विकत घ्यायची तर आधी सरकारी खरेदी-परवाना काढावा लागणार, असा कायदा झाला आहे. राज्यपाल बॉब फर्ग्युसन यांनी त्यावर मे २०२५ मध्ये सही केली. सिॲटलच्या आसपास रेडमंड, बॉथेल, समामिश या भागांत मराठी घरं बरीच आहेत, आणि ‘तारखेच्या आधी एखादी घेऊन ठेवावी का’ हा प्रश्न तिथे कुणालाही पडू शकतो. पुढच्या संवादातला भाचा ग्रीन कार्डवर तिथे राहतो. घरात बायको, तेरा वर्षांचा मुलगा, आणि उन्हाळ्यात पुण्याहून राहायला येणारे आईवडील. आत्या कायदा आणि सार्वजनिक आरोग्य या दोन्हींची अभ्यासक. दोघं काल्पनिक आहेत. कायदे आणि आकडे खरे आहेत.

भाचा : आत्या, माझा हिशेब सरळ आहे. आज दुकानात गेलं की बंदूक मिळते. उद्या परवाना, बोटांचे ठसे, प्रशिक्षण, सगळी कटकट. मग गरज पडो न पडो, आत्ताच घेऊन ठेवलेली काय वाईट?

आत्या : आज तरी ती तशी कुठे मिळते? १ जानेवारी २०२४ पासून तुमच्या राज्यात कुठलीही बंदूक घ्यायची तर सुरक्षा-प्रशिक्षणाचा दाखला लागतो, पार्श्वभूमीची तपासणी होते, आणि अर्ज दिल्यावर कामकाजाचे दहा दिवस थांबावं लागतं. नवा कायदा त्यावर आणखी एक पायरी चढवतो: प्रशिक्षणात प्रत्यक्ष गोळी झाडावी लागेल, ठसे द्यावे लागतील, आणि राज्य पोलिसांकडून परवाना घ्यावा लागेल. अर्जदार पात्र असेल तर तो सर्वसाधारणपणे तीस दिवसांत द्यायचा आहे आणि पाच वर्षं चालतो. म्हणजे वेळ जाईल, पैसे जातील, पण साधं पिस्तूल किंवा शॉटगन त्या तारखेनंतरही विकत मिळेल. खरी बंदी तुमच्याकडे आधीच येऊन गेली आहे. दहापेक्षा जास्त गोळ्या मावणाऱ्या मॅगझिनची विक्री १ जुलै २०२२ पासून बंद आहे. एआर-१५ सारख्या रायफलींची विक्री २५ एप्रिल २०२३ ला, तेव्हाचे राज्यपाल जे इन्स्ली यांनी सही केली त्याच दिवशी बंद झाली. कायदा वस्तू मिळणंच थांबवतो की मिळण्याची रीत बदलतो, हे आधी पाहायला हवं. तू ज्या तारखेला घाबरतो आहेस ती दुसऱ्या जातीची आहे.

भाचा : पण आज परवाना, उद्या बंदी, असं होणारच नाही कशावरून? एकदा गेलेला हक्क परत मिळत नाही, असं इथले लोक म्हणतात, आणि मला ते अगदीच खोटं वाटत नाही.

आत्या : ती भीती निराधार नाही. २०२२ आणि २०२३ च्या बंद्या मी आत्ताच सांगितल्या. पण त्या भीतीपोटी केलेल्या खरेदीचा इतिहासही बघ. १४ डिसेंबर २०१२ ला कनेक्टिकटमधल्या सँडी हूक शाळेत वीस मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली. आता कडक कायदा येणार म्हणून देशभर दुकानांसमोर रांगा लागल्या. त्या महिन्यात पार्श्वभूमी-तपासणीचे सुमारे २८ लाख अर्ज झाले, तोवरचा उच्चांक. एप्रिल २०१३ मध्ये सिनेटमध्ये फक्त तपासणी वाढवणारा प्रस्ताव आला; त्याला ५४ मतं पडली, हवी होती ६०. रायफलींवर बंदी घालणाऱ्या दुरुस्तीला तर ४० च मिळाली. ज्या संघीय कायद्याला घाबरून लोकांनी बंदुका घेतल्या तो आलाच नाही. बंदुका मात्र घरांत आल्या. वेलस्ली कॉलेजच्या फिलिप लेव्हाइन आणि रॉबिन मॅकनाइट या अर्थतज्ज्ञांनी २०१७ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात याचा हिशेब मांडला. त्या काही महिन्यांत सुमारे ३० लाख जादा बंदुका विकल्या गेल्या, आणि त्याच काळात अपघाताने गोळी लागून साधारण ६० जास्तीचे मृत्यू झाले, त्यांतली सुमारे २० मुलं. जिथे विक्री जास्त उसळली त्या राज्यांत अपघाती मृत्यूही जास्त वाढले, म्हणून त्याला निव्वळ योगायोग म्हणणं कठीण जातं.

आणि बंदीची तारीख खरोखर आली तरी घाई करणाऱ्याचं भलं होतंच असं नाही. एआर-१५ सारख्या रायफलींवरची १९९४ ची संघीय बंदी घे. ती येणार असं दिसताच या रायफलींच्या किमती चढल्या. कारखान्यांनी त्याआधीच भरमसाट माल काढून ठेवला होता आणि जुन्या मालाच्या विक्रीला बंदीतून सूट होती, त्यामुळे कायदा लागू झाल्यावर भाव खाली आले. चढ्या भावाने घेतलेल्यांच्या हाती काय लागलं? शिवाय तो कायदाच दहा वर्षांच्या मुदतीचा होता. २००४ मध्ये संपला. गेलेला हक्क परत येत नाही म्हणणाऱ्यांना हे उदाहरण आठवत नाही याची मला गंमत वाटते.

भाचा : वॉशिंग्टनमध्ये तरी ज्यांनी २०२३ च्या आधी रायफली घेतल्या ते फायद्यात आहेत ना? बाळगायला बंदी नाही, आणि नवी कुणाला मिळत नाही. म्हणजे ती एक गुंतवणूकच झाली.

आत्या : दुर्मीळ वस्तूचा भाव चढतो तो गिऱ्हाईक असेल तर. त्या कायद्याने तशी रायफल राज्यातल्या दुसऱ्या सामान्य माणसाला विकता येत नाही. वारशाने जाऊ शकते, एवढंच. घरच्या बाजारात जी खपवता येत नाही तिला गुंतवणूक कसं म्हणायचं? न्यायालय बंदी उठवेल या आशेवर घेत असशील तर ८ एप्रिल २०२४ आठव. काउलिट्झ काउंटीच्या एका न्यायाधीशांनी मॅगझिनवरची बंदी घटनाबाह्य ठरवली, आणि जेमतेम दीड तासात वरच्या न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. त्या दीड तासात मॅगझिनची विक्री झालीसुद्धा! मे २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. अशा हेलकाव्यांवर घरातला पैसा लावू नये.

भाचा : ठीक आहे, पैशाचं सोडतो. मी मुळात घराच्या रक्षणासाठी म्हणतोय. बायको एकटी असते, शेजार फार ओळखीचा नाही.

आत्या : आता मुद्द्यावर आलास. इथे मी सावकाश बोलणार, कारण बंदुकीवरचे वाद बहुतेक वेळा या टप्प्याच्या आधीच संपतात. अमेरिकेत २०२२ मध्ये बंदुकीने ४८ हजारांहून जास्त माणसं मेली. त्यांतले सुमारे २७ हजार मृत्यू आत्महत्येचे. चोर, दरोडेखोर, शाळेतला माथेफिरू ही चित्रं डोळ्यांसमोर येतात, पण अर्ध्याहून जास्त मृत्यूंत बाहेरचा माणूस कुणीच नसतो. यावर नेहमीचं उत्तर असतं, की ज्याला जीव द्यायचाच आहे तो बंदूक नसली तरी देईल. हे पडताळून पाहिलेलं आहे. स्टॅनफर्डच्या डेव्हिड स्टडर्ट आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या सुमारे २ कोटी ६० लाख लोकांच्या नोंदी तपासल्या; तो अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्येचं प्रमाण इतर पुरुषांच्या जवळपास आठपट निघालं, स्त्रियांत पस्तीसपट. मात्र इतर मार्गांनी केलेल्या आत्महत्यांचं प्रमाण या लोकांत जास्त नव्हतं. बंदूक घेणारे मुळातच खचलेले असते तर ते इतर मार्गांतही दिसायला हवं होतं. धोका सर्वांत जास्त होता खरेदीनंतर लगेच, पण अर्ध्याहून जास्त मृत्यू वर्ष उलटल्यावरचे होते. म्हणजे आज घरात सगळे आनंदात आहेत एवढं पुरत नाही. बंदूक वीस वर्षं टिकते, आणि तुझा तेरा वर्षांचा मुलगा त्या वीस वर्षांत तेरा वर्षांचा राहणार नाही.

याच गटाचा दुसरा अभ्यास २०२२ चा. त्यात त्यांनी स्वतः बंदूक न बाळगणाऱ्या, पण बाळगणाऱ्याबरोबर राहणाऱ्या माणसांकडे पाहिलं. बंदूक नसलेल्या घरांच्या तुलनेत त्यांचा खून होण्याचं प्रमाण दुपटीहून अधिक होतं, आणि घरातच जोडीदाराच्या गोळीने मरण्याचं सुमारे सातपट. असे बळी बहुतेक स्त्रियाच होत्या. बायकोच्या रक्षणासाठी म्हणतोस, तर तिच्या बाजूने हाही आकडा मांडायला हवा. अभ्यासकांनी मर्यादा मान्य केली आहे: ही घरं इतर बाबतींतही वेगळी असू शकतात, आणि तो फरक नोंदींत पूर्ण पकडता येत नाही. पण संरक्षणाच्या बाजूने काही दिसेल ही अपेक्षा होती, ते दिसलं नाही.

भाचा : संरक्षणाचे आकडेही आहेत की. वर्षाला पंचवीस लाख वेळा लोक बंदुकीने स्वतःचा बचाव करतात, असं मी वाचलंय.

आत्या : तो आकडा गॅरी क्लेक आणि मार्क गर्ट्झ यांच्या १९९५ च्या दूरध्वनी-पाहणीतला. काही हजार लोकांना विचारून त्यावरून साऱ्या देशाचा अंदाज बांधला होता. थोड्या जणांनी वाढवून सांगितलं तरी असा अंदाज प्रचंड फुगतो. सरकारच्या गुन्हेपीडितांच्या पाहणीत, जिथे आधी गुन्हा घडल्याचं विचारतात आणि मग प्रतिकाराचं, तिथे बंदुकीने बचाव केल्याच्या घटना गुन्ह्यांच्या एक टक्क्याहूनही कमी निघाल्या. खरा आकडा मधे कुठेतरी असेल. पण बचाव होतच नाही असं मी म्हणत नाही. तुझ्या घरात कुठली गोष्ट घडण्याची शक्यता जास्त, एवढाच प्रश्न आहे.

भाचा : मी कुलपात ठेवली तर? तू सांगतेस ते धोके निष्काळजी लोकांचे आहेत. मी तसा नाही.

आत्या : कुलपाने फरक पडतो. २००५ मध्ये सिॲटलच्याच डेव्हिड ग्रॉसमन यांनी सहकाऱ्यांबरोबर दाखवलं, की बंदूक कुलपात, रिकामी, आणि गोळ्या वेगळ्या कुलपात ठेवणाऱ्या घरांत मुलांच्या आत्महत्या आणि अपघात कमी होतात. तुमच्या राज्यातही २०१८ च्या जनमत-कौलाने ठरलं, की मुलाच्या हाती तुमची बंदूक लागून काही घडलं तर मालकावर गुन्हा दाखल होऊ शकतो. पण मग रात्री दोन वाजता दार वाजलं तर? किल्ली शोध, गोळ्या काढ, भर. मुलासाठी जितकी सुरक्षित ठेवशील तितकी ती चोरासाठी निरुपयोगी, आणि उशाशी ठेवलीस तर उलट. बोटाच्या ठशाने उघडणारी छोटी तिजोरी हा मधला मार्ग आहे, पण तिचा खर्च, गोळ्यांचा, सरावाचा, सगळा बंदुकीच्या किमतीत धर. तेवढ्या पैशात चांगली कुलपं, अंगणातले दिवे, अलार्म होतो, आणि हे सगळं घरी कुणी नसतानाही काम करतं.

भाचा : आणि आईबाबा? त्यांचा काय संबंध?

आत्या : त्यांचा तर फार आहे, आणि भारतीय घरांत हाच मुद्दा सुटतो. संघीय कायद्याने ग्रीन कार्डवाल्याला बंदूक बाळगता येते, पण पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाला, काही ठरावीक अपवाद सोडले तर, ती बाळगायला मनाई आहे. एच-१बी वर असलेल्यांनाही तसंच. आता उन्हाळ्यात घरी एकटे असणारे दादा-वहिनी, आणि ‘अडीअडचणीला असू दे’ म्हणून तू त्यांना सांगितलेला तिजोरीचा क्रमांक. त्या क्षणी ‘बाळगणं’ कुणाचं, हा प्रश्न वकिलासमोर जाऊ शकतो. तुझं स्वतःचंही ऐक. बंदुकीच्या कायद्याखालची शिक्षा हे ग्रीन कार्डवाल्याला देशाबाहेर काढण्याचं कारण ठरू शकतं. जन्माने अमेरिकन असलेल्या शेजाऱ्याला जी चूक दंडावर भागेल, ती तुझ्या घराचा पत्ताच बदलू शकते.

भाचा : म्हणजे कुणीच घेऊ नये?

आत्या : असं मी म्हटलं नाही. राज्याच्या पूर्व भागात पोलिसांची गाडी यायला बराच वेळ लागतो अशी शेतघरं आहेत. मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून सुटलेली, धमक्या येत असलेली बाई आहे. अशांना परवान्याचे तीस दिवस आणि वर दहा दिवस म्हणजे खरा तोटा, आणि कायद्याच्या समर्थकांनी तो नाकारू नये. त्या बाईने तारखेच्या आधी खरेदी केली तर ती घाबरून केली असं मी म्हणणार नाही. तिची निकड तारखेच्या आधीपासून होती. तुझी निकड मात्र तारीख जाहीर झाल्यावर जन्माला आली.

आपल्याकडे महाराष्ट्रात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना मागायला गेलास तर जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांच्या कचेरीत पहिला प्रश्न येतो, ‘कशासाठी हवं?’ २०१९ च्या दुरुस्तीने तर माणशी तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवायची मुभा उरली. त्या कचेरीतला त्रास मी गोड करून सांगत नाही. पण प्रश्न योग्य आहे. अमेरिकेत तो तुला कुणी विचारत नाही, म्हणून तूच विचार, आणि बायकोसमोर बसून विचार. तिचं उत्तर नाही असेल तर विषय तिथेच संपला. ज्या घरात दोघांपैकी एकाला नको आहे तिथे ती नीट सांभाळली जात नाही.

भाचा : आणि तिचं उत्तर हो असेल तर?

आत्या : तर आधी प्रशिक्षण घे, दोघंही घ्या. ते तुला आजही लागतं, परवान्यालाही लागेल, आणि नेमबाजी आवडते की नाही हेही कळेल. मुलाशी बोल, दुसऱ्या कुणाच्या घरी बंदूक दिसली तर हात न लावता निघून यायचं, हे त्याला तू बंदूक न घेताही शिकवायला हवं. आधी तिजोरी बसव, आईबाबा परत गेल्यावर पुन्हा विचार कर. ते सगळं झाल्यावरही हवीशी वाटली तर घे, मे २०२७ च्या आधी असो वा नंतर. आज, या घरात, या कारणासाठी माझं उत्तर नाही असं आहे.