शंखी गोगलगाय

सकाळी एक कास्तकार वावरात गेला. काल तासांवर सोयाबीनची कोवळी रोपे होती. आज नुसते देठ उभे होते. जमिनीवर चकाकणारे चिकट पट्टे दिसत होते. तो गुरुजींकडे आला.

"गुरुजी, एका रातीत रोपं कोनं खाल्ली जी?"

"भाऊ, ही शंखी गोगलगाईची करणी," गुरुजी म्हणाले.

ही गोगलगाय मूळची आपली नाही. ती पूर्व आफ्रिकेतली. १८४७ साली बेन्सन नावाच्या माणसाने ती मॉरिशसहून जिवंत आणली. कलकत्त्याच्या एका बागेत ती सुटली. पुढे ती देशभर पसरली. २०२२ साली लातूर, बीड भागात तिने कोवळे सोयाबीन फस्त केले. पुष्कळांना दुबार पेरणी करावी लागली.

समुद्रातही तिचे भाऊबंद आहेत. त्यांतल्या काहींच्या पाठीवर शंखच नसतो.

गोगलगाईची जीभ कानशीसारखी असते. तिच्यावर हजारो बारीक दात असतात. त्यांनी ती पाने खरवडून खाते. दिवसा ती पाल्याखाली, दगडाखाली लपते. रात्री बाहेर पडते. उन्हाळ्यात शंखाचे तोंड पापुद्र्याने बंद करून महिनोन्‌महिने निजते. पाऊस पडला की जागी होते.

तिच्यात नर-मादी वेगळे नसतात. प्रत्येक गोगलगाय अंडी घालते. एका वेळी १०० ते ४०० अंडी! ती ज्वारीच्या दाण्याएवढी असतात आणि भुसभुशीत मातीत सापडतात.

मग उपाय काय?

संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती धुऱ्याजवळ ठेवा. गोगलगाई तिथे जमतात. सकाळी त्या वेचा आणि मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाका. मेल्यावर खड्ड्यात पुरा. मीठ वावरात टाकू नका, जमीन बिघडते. धुऱ्यावर चुन्याचा पट्टा ओढा. पावसाने धुपला तर पुन्हा ओढा. अंडी दिसली की नष्ट करा.

उघड्या हाताने त्यांना शिवू नका. त्यांच्यापासून माणसाला रोग होऊ शकतो. मुलांना खेळू देऊ नका. भाजी धुऊन घ्या.

"पन मी वेचल्या आन् शेजाऱ्यानं सोडल्या तर?"

"तर त्या धुरा ओलांडून पुन्हा येतील. गोगलगाईला सातबारा समजत नाही, भाऊ. पहिल्या पावसानंतर साऱ्या गावाने मिळून वेचाव्या."

त्याच संध्याकाळी कास्तकार शेजाऱ्याच्या दारी गेला.

प्रश्न
१. गोगलगाय दिवसा कुठे लपते?
२. ती उघड्या हाताने का धरू नये?
३. साऱ्या गावाने मिळून का वेचावे?